अठरा गोळ्यांचा कोर्स

23 मार्च 2020 हा सोमवार होता. आदल्या दिवशी जनता कर्फ्यू पाळून आणि संध्याकाळी थाळ्या वाजवून देश घरात बसला होता. त्या सोमवारी दोन निर्णय लोकांसमोर आले. मुंबईत मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राज्यभर संचारबंदी जाहीर केली आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद केल्या. दिल्लीत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं, म्हणजे आयसीएमआरचं, एक सूचनापत्र बाहेर आलं. कोरोनाच्या रुग्णांची सेवा करणाऱ्या, स्वतःला लक्षणं नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी प्रतिबंध म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घ्यावं, असं त्यात म्हटलं होतं. पहिल्या दिवशी 400 मिलिग्रॅम दोनदा आणि पुढे सात आठवडे, आठवड्यातून एकदा 400 मिलिग्रॅम. बाधिताच्या घरातल्यांसाठी हाच क्रम तीन आठवड्यांचा.

ही गोळी सर्रास मिळते ती 200 मिलिग्रॅमची. म्हणजे एका कर्मचाऱ्याच्या कोर्सला 18 गोळ्या, घरच्या माणसाला 10. कुणी घ्यावं, कुणी घेऊ नये, डोळ्यांच्या पडद्याचा आजार असेल तर काय, सगळं त्या सूचनापत्रात नमूद होतं. मात्र ही गोळी वर्षानुवर्षं रोज घेणारी माणसं देशात आहेत आणि त्यांचा साठा आधी बाजूला काढला पाहिजे, याची सोय त्या दिवशी कुणी केली नव्हती.

एका निर्णयाने रस्ता अडला आणि दुसऱ्याने गोळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूरसारख्या तालुक्यांना दोन्हींचा फटका एकदमच बसायचा होता.

केळापूर तालुक्याचं ठाणं पांढरकवडा. नागपूरहून हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 इथूनच जातो. कापसाचा मुलूख, टिपेश्वरचं जंगल, कोलामांचे पोड, गोंडांची गावं. नवरात्रात केळापूरच्या जगदंबेला पैनगंगेपलीकडून, तेलंगणातूनही माणसं येतात. आजारपणाच्या वाटाही अशाच चहूकडे फुटलेल्या. साध्या दुखण्याला पांढरकवड्याचं उपजिल्हा रुग्णालय. त्यावर गेलं तर यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, नाहीतर सीमेपलीकडचं आदिलाबाद. आणि किडनीचा तज्ज्ञ म्हटला की नागपूर, सुमारे 150 किलोमीटर. एरवी पहाटेची एसटी धरून दुपारी डॉक्टरला दाखवायचं, दवा बाजारातून महिन्या-दोन महिन्यांच्या गोळ्या घ्यायच्या आणि रात्री घरी परतायचं, असा हा प्रवास. आता एसटी बंद होती. नागपूरच्या वाटेत आधी वर्ध्याची सीमा, मग नागपूरची. आदिलाबादच्या वाटेवर पाटणबोरीच्या पुढे राज्याचीच सीमा. यवतमाळ जिल्ह्यात तर कोरोना मार्चच्या मध्यालाच येऊन पोचला होता. पुण्यात 9 मार्चला सापडलेले राज्यातले पहिले रुग्ण ज्या दुबईच्या सहलीहून परतले होते, त्याच सहलीतले यवतमाळचे प्रवासी बाधित निघाले होते.

ही गोळी रोज घेणाऱ्यांत मोठा वाटा ल्युपसच्या रुग्णांचा. या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच पेशींवर उलटते. दहा रुग्णांमागे नऊ बायका असतात, त्याही बहुधा ऐन तारुण्यातल्या. सांधे दुखतात, केस गळतात, गालांवर चट्टे उठतात, ताप येतो-जातो. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे. पुढे सकाळी डोळ्यांखाली आणि संध्याकाळी पावलांवर सूज दिसू लागते, लघवीला फेस येतो. तोवर आजार किडनीत शिरलेला असतो. एका किडनीत रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म केशवाहिन्यांचे सुमारे दहा लाख गुच्छ असतात. भरकटलेली प्रतिपिंडं त्यांच्यात अडकून बसतात आणि तिथे दाह सुरू होतो. ल्युपसच्या साधारण चाळीस टक्के रुग्णांना कधी ना कधी असा मूत्रपिंडदाह होतो. दुखत काहीच नाही, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग. रक्तातलं क्रिएटिनिन वर सरकलेलं दिसतं तेव्हा किडनीची बरीचशी ताकद गेलेली असते.

लघवीतला हा फेस कशाचा, ते लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी 1827 मध्ये जगाला दाखवून दिलं. अंगावर सूज असलेल्या रुग्णाची लघवी ते चमच्यात घेत आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर धरत. लघवी तापली की अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी गोठून पांढुरकी होई. रक्तातली प्रथिनं गाळणीतून निसटून बाहेर पडत असल्याची ती खूण होती. मृत्यूनंतर अशा रुग्णांच्या किडन्या उघडून ब्राइट यांनी दोहोंचा संबंध जोडला. निदान हातात आलं, उपचार मात्र पुढची सव्वाशे वर्षं आला नाही. किडनीला सूज म्हणजे मीठ बंद, पडून राहा आणि वाट पाहा.

1948 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच आणि एडवर्ड केंडल यांच्या चमूने संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन टोचलं आणि अंथरुणाला खिळलेली बाई चालू लागली. दोन वर्षांत त्याला नोबेल मिळालं. 1950 च्या दशकात स्टिरॉइडच्या गोळ्या आल्या आणि मूत्रपिंडदाहाला पहिल्यांदा लगाम बसला. मागोमाग सायक्लोफॉस्फमाइड, अॅझाथायोप्रिन आणि शतकाच्या अखेरीस मायकोफेनोलेट आलं. मृत्यू लांबला आणि त्याची जागा औषधांनी घेतली, तीही कायमची. ल्युपसच्या तीव्र मूत्रपिंडदाहात दाह शमवण्याचा आणि तो शमलेला ठेवण्याचा उपचार मिळून किमान 36 महिने चालावा, असं आजची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. रक्तदाब आणि लघवीतली प्रथिनं आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या त्याहून पुढे. स्टिरॉइड तर मनाने थांबवायची सोयच नाही. बाहेरून मिळत राहिल्याने शरीराने स्वतःचं बनवणं कमी केलेलं असतं, एकदम बंद केलं की रक्तदाब कोसळू शकतो.

या सगळ्या जड औषधांच्या पंगतीत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन साधंसुधं दिसतं. मलेरियाच्या औषधांच्या घराण्यातली ही गोळी. लंडनच्या जोसेफ पेन यांनी 1894 मध्ये ल्युपसच्या चट्ट्यांवर क्विनीन देऊन पाहिलं होतं. दुसऱ्या महायुद्धात मलेरियाच्या मुलखात लढणाऱ्या सैनिकांना मेपाक्रिनच्या गोळ्या रोज खाव्या लागत. त्यात काहींचे त्वचेचे आणि सांध्यांचे जुने आजार निवळले. 1951 मध्ये फ्रान्सिस पेज यांनी मेपाक्रिनने ल्युपस सुधारल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. त्याच घराण्यातलं, कमी त्रासाचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन 1955 मध्ये अमेरिकेत मान्य झालं. ते संरक्षणव्यवस्थेला आडवं पाडत नाही, नुसतं शांत करतं. गरोदरपणात मायकोफेनोलेट थांबवावं लागतं, ही गोळी चालू ठेवतात. वजनाच्या प्रत्येक किलोला दिवसाला 5 मिलिग्रॅमच्या आसपास मात्रा आणि डोळ्यांची नियमित तपासणी, एवढी पथ्यं पाळली की ती वर्षानुवर्षं घेता येते. आता तर अडचण नसेल तिथे ल्युपसच्या प्रत्येक रुग्णाला ती द्यावी, असाच सल्ला आहे.

ही गोळी बंद केली तर काय होतं, याचं उत्तर 1991 मध्येच मिळालं होतं. कॅनडातल्या डॉक्टरांनी ती घेऊन आजार शांत असलेले 47 रुग्ण निवडले. 25 जणांची गोळी चालू ठेवली, 22 जणांना तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली. 24 आठवड्यांत गोळी चालू असलेल्यांपैकी 9 जणांचा आजार उसळला आणि बंद केलेल्यांपैकी 16 जणांचा. अडीच पट धोका. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हे छापून 29 वर्षं झाली होती.

मार्च 2020 मध्ये मात्र साऱ्या जगाचं लक्ष दुसऱ्याच एका अभ्यासाकडे होतं. फ्रान्समधल्या मार्सेयचे दिदिए राऊल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवघ्या 36 रुग्णांच्या निरीक्षणावरून ही गोळी कोरोनावर चालते असं म्हटलं. डोनाल्ड ट्रम्प यांनी ते व्यासपीठावरून उचलून धरलं. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच आयसीएमआरचं सूचनापत्र आलं. ते डॉक्टर-परिचारिकांसाठी आणि बाधितांच्या घरच्यांसाठी होतं, पण टीव्हीवर दिवसभर गाजणारं औषध घरात असावं असं कुणाला वाटणार नाही? दुकानांतले साठे बघता बघता उपसले गेले. ल्युपस आणि संधिवाताचे रुग्ण मुंबई-दिल्लीसारख्या शहरांतही दुकानामागून दुकान पालथं घालत असल्याच्या बातम्या त्याच आठवड्यात येऊ लागल्या. मोठ्या शहरात एका दुकानात नाही तर पुढच्या चौकात विचारता तरी येतं. तालुक्याच्या गावात ल्युपसचं निदान झालेली माणसं मोजकी, दुकानदार त्यांच्यापुरताच माल मागवणार, आणि तो मागवायचा ठोक बाजार दोन जिल्ह्यांच्या सीमांपलीकडे.

सरकारने पावलं उचलली. 25 मार्चला निर्यातीवर बंदी आली. 26 मार्चला आरोग्य मंत्रालयाने अधिसूचना काढून या गोळीच्या विक्रीला अनुसूची ‘एच-1’चे नियम लावले. म्हणजे दुकानदाराने वेगळी वही ठेवायची. तीत चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि दिलेली संख्या लिहायची आणि ती वही तीन वर्षं जपायची. साठेबाजी रोखायला हे हवंच होतं. पण जुनाट दुखण्याचा माणूस बहुतेक वेळा जुन्या, घडीवर विरत चाललेल्या चिठ्ठीवर औषध नेत असतो. दुकानदार त्याला चेहऱ्याने ओळखतो. आता ताजी चिठ्ठी लागणार आणि रुग्णालयांचे बाह्यरुग्ण विभाग तर कोरोनात अडकलेले. त्यावरही वाट निघाली होती. फोनवरून तपासून चिठ्ठी देण्याची मुभा देणारी दूरवैद्यक नियमावली 25 मार्चलाच निघाली. नागपूरच्या डॉक्टरची चिठ्ठी पांढरकवड्यात मोबाइलवर येऊ शकत होती. मोबाइलवर न येणारी गोष्ट एकच, गोळी. आणि त्या वहीत गोळी नेलेल्याचं नाव चढत होतं. रिकाम्या हाताने परतलेल्याची नोंद करायला तीत जागाच नव्हती.

गोळ्यांचा देशातच तुटवडा होता असंही नाही. जगात सर्वाधिक हायड्रॉक्सिक्लोरोक्विन बनवणारा देश भारतच. मुंबईची इप्का आणि अहमदाबादची झायडस कॅडिला हे मोठे उत्पादक. महिन्याला 40 टन कच्चं औषध, म्हणजे 200 मिलिग्रॅमच्या 20 कोटी गोळ्या करण्याची देशाची क्षमता असल्याचं औषध उद्योगाने सांगितलं. सरकारने या दोन कंपन्यांकडे 10 कोटी गोळ्यांची मागणी नोंदवली. इप्काच्या कारखान्यांवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कित्येक वर्षं आयातबंदी घातली होती. या गोळीपुरती ती मार्चमध्येच सैल झाली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ट्रम्प यांनी औषध न मिळाल्यास प्रत्युत्तराची भाषा केली आणि 7 एप्रिलला भारताने निर्यातीची मुभा दिली. देशोदेशी खोकी रवाना झाली, आभाराचे संदेश आले. मुंबई महापालिकेने धारावी आणि वरळीतल्या हजारो लोकांना ही गोळी सरसकट देण्याचा बेत आखला, पुढे तो बासनात गेला.

या धावपळीत एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला. ही गोळी कोरोना टाळत असेल, तर ती वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्या ल्युपसच्या रुग्णांना कोरोना होतो की नाही? जगभरातल्या संधिवाततज्ज्ञांनी आपापल्या बाधित रुग्णांची नोंद एकत्र करायला सुरुवात केली होती. मे महिन्यापर्यंत त्यात ल्युपस असलेले 80 बाधित जमा झाले. त्यांतले 64 टक्के बाधा होण्याआधीपासून मलेरियाच्या गटातली ही औषधं घेत होते. ढाल म्हणून आपण जे वाटतोय ते घेणाऱ्यांनाही कोरोना होतोय, गंभीरही होतोय, हे त्यातून दिसलं. ज्यांच्या हातची गोळी गेली, तेच तिच्याबद्दलचे खरे जाणकार साक्षीदार होते.

5 जूनला ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने निकाल जाहीर केला. रुग्णालयात दाखल झालेल्या साडेचार हजारांहून अधिक रुग्णांची तुलना करून निघालेला निष्कर्ष असा, की या गोळीने मृत्यू कमी होत नाहीत. 15 जूनला अमेरिकेने कोरोनासाठी या गोळीला दिलेली तातडीची परवानगी मागे घेतली. त्याच महिन्यात भारताने निर्यातीवरची उरलेली बंदीही उठवली. आपल्याकडच्या उपचारांच्या राष्ट्रीय सूचनांत मात्र ती गोळी राहिली. सप्टेंबर 2021 मध्ये ती तिथून वगळली गेली. मार्सेयचा मूळ शोधनिबंध तो छापणाऱ्या नियतकालिकाने डिसेंबर 2024 मध्ये मागे घेतला.

दुकानांत गोळी पुन्हा दिसू लागली आणि बातमीदारांच्या दृष्टीने हा विषय संपला. रुग्णांच्या दृष्टीने तो तेव्हा सुरू होत होता. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन शरीरातून फार सावकाश जातं. त्याची रक्तातली पातळी निम्म्यावर यायला सुमारे 40 दिवस लागतात. चार-सहा दिवस चुकले तर काही बिघडत नाही. पण एप्रिलमध्ये थांबलेल्या गोळीचा परिणाम दिसायचा तो पावसाळ्यात. पुन्हा सुरू केली तरी पूर्ण गुण यायला काही महिने जातात. मधल्या काळात सूज आली, लघवीतलं प्रथिन वाढलं, स्टिरॉइडची मात्रा चढवावी लागली, तर त्या उसळीचं नातं मार्चमधल्या सूचनापत्राशी कोण जोडणार? कोरोनाचे आकडे रोज संध्याकाळी जाहीर होत होते. उसळलेल्या ल्युपसचा आकडा जाहीर करायला कुणी बसलेलं नव्हतं.

रोजच्या औषधाचं हेच दुर्दैव. त्याचं यश म्हणजे काहीच न घडणं: सूज न येणं, दाखल न व्हावं लागणं, डायलिसिसची वेळ न येणं. न घडलेल्या गोष्टीची ना बातमी होते, ना मागणी नोंदवली जाते. संकटात माल वळवायची वेळ आली की अशाच ठिकाणचा आधी वळवला जातो, कारण तिथून लगेच ओरड होत नाही.

आपल्या योजनांच्या घडणीतही हा कल दिसतो. राजीव गांधी जीवनदायी योजना 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत आली आणि 2013 च्या नोव्हेंबरपासून यवतमाळसह राज्यभर पसरली. आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ती हीच. यवतमाळसारख्या 14 शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत तर पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही तिचा लाभ मिळाला. किडनी प्रत्यारोपणासाठी तिने अडीच लाखांची खास मर्यादा ठेवली, पुढे ती साडेचार लाखांवर नेली. 2016 मध्ये केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला आणि जिल्ह्याच्या रुग्णालयांत यंत्रं बसू लागली. किती घरं या योजनांनी कर्जातून वाचवली, ते विदर्भात कुणालाही विचारा. तरी त्यांचा साचा मुख्यतः दाखल होणाऱ्या रुग्णाचा आहे. पुढच्या तपासणीची सोय काही उपचारांना जोडलेली असली, तरी घरी बसून वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्याचा महिन्याचा खर्च बहुतेक त्याच्याच खिशातून जातो. नागपूरचं भाडं आणि बुडालेली मजुरी वेगळीच. किडनी निकामी झाली की सरकार मदतीला येतं. ती निकामी होऊ नये म्हणून धडपडणारी बाई मात्र कापसाच्या पैशाची वाट पाहत एक महिना गोळी टाळते. 2020 मध्ये तुटवड्याने जे केलं, ते तंगी दरवर्षी थोडं थोडं करतच असते.

त्या 10 कोटी गोळ्यांचा हिशेब वेगळ्या तऱ्हेने मांडून पाहू. त्यांचा शंभरावा भाग, म्हणजे 10 लाख गोळ्या, आधी बाजूला काढल्या असत्या तर दिवसाला एक गोळी धरून 11 हजारांवर रुग्णांची तीन महिन्यांची सोय झाली असती. त्यासाठी कोरोनाच्या वाटपातले 55 हजारांच्या आसपास कोर्स कमी पडले असते, आणि त्या कोर्सनी कुणाचा जीव वाचत नव्हता हे आता आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा ते ठाऊक नव्हतं, ही सबब खरी आहे. पण गोळी बंद केल्यावर ल्युपस उसळतो हे 1991 पासून ठाऊक होतं. जे ठाऊक होतं त्यावर जे नुसतं वाटत होतं त्याने कुरघोडी केली.

यावरचे उपाय काही अवघड नाहीत. तालुक्याच्या रुग्णालयात मूत्रपिंडदाहाच्या रुग्णांची नोंद हवी. चिठ्ठी नागपूरच्या तज्ज्ञाची असली तरी गोळी पांढरकवड्याच्या खिडकीवर मिळायला हवी. तीन महिन्यांचा साठा त्यांच्या नावाने राखीव हवा आणि लघवीतलं प्रथिन नि रक्तदाब तपासायला 150 किलोमीटर जावं लागता कामा नये. डायलिसिसचं यंत्र गावापर्यंत आणणं हे जेवढं सरकारी काम, तेवढंच त्या यंत्राची गरज पडू न देणारी गोळी महिन्याच्या महिन्याला पोचवणं हेही.